हाताची एक कांजी आणि तिचे पन्नास शब्द: सुरुवात कुठून करायची?

जपानी शिकणाऱ्या एकीने कांजीबद्दल, म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरांबद्दल, विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता: "ताई, मी जीएनएम (नर्सिंग) केलंय, डिसेंबरला जपानीची एन-फोर परीक्षा देतेय, पुढे केअरगिव्हर म्हणून जपानला जायचंय. हाताची कांजी शिकायला घेतली तर ॲपमध्ये उच्चार दिलेत 'ते', 'त' आणि 'शु', खाली शब्दांची ही एवढी यादी, आणि त्यात 'ज्योओझु' वगैरे, ज्यात यातलं काहीच ऐकू येत नाही. हे सगळं पाठ करायचं? एका कांजीला किती शब्द पुरेत? आणि हाताने लिहायलाही शिकायचं का, का नुसती ओळखता आली तरी चालेल?"

ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करतेय, चालवून घे. मी गेली सतरा-अठरा वर्षं चाकणच्या पट्ट्यात इंटरप्रिटर म्हणून काम करतेय, संध्याकाळी क्लास घेते, आणि हा प्रश्न दर बॅचला येतो, फक्त कांजी वेगळी असते. बरं झालं तू हातच हातात घेतलास, मराठी माणसाला सगळ्यात स्वस्तात पडणारी कांजी आहे ही. (बाकीच्यांना कळत नसेल कुठली, तर मोबाइलला जपानी कीबोर्ड लावा, 'ते' टाइप करा आणि सुचवलेल्या पर्यायात जी चार रेघांची आकृती दिसेल ती.)

आधी तो उच्चारांचा तक्ता बंद कर. खरंच. उच्चार शब्दाला असतो गं, कांजीला नाही. हे वाक्य बोलले की क्लासमधली पोरं माझ्याकडे अशी बघतात की मॅडमची आज झोप झालेली नाही, म्हणून मग मी फळ्यावर आपला देवनागरी २ लिहिते आणि विचारते हे काय. दोन. त्याच्यापुढे रा जोडते, आता? दुसरा. मग १२ लिहिते, बारा. २२, बावीस. ३२, बत्तीस. ५२, बावन्न. म्हणजे त्या एकाच २ चे उच्चार किती झाले? आणि शाळेत '२ चे उच्चार' असा तक्ता कुणी पाठ केला होता का? 'बारा' ह्या शब्दात एक कुठाय आणि दोन कुठाय हे कुणालाही बोट ठेवून दाखवता येत नाही, दोन आकडे शेजारी आले की आपण अख्खा शब्द म्हणतो आणि पुढे जातो.

ज्योओझु म्हणजे बारा. एवढंच. 'वर' आणि 'हात' ह्या दोन कांज्या शेजारी आल्या की अख्ख्या जोडीचा उच्चार ज्योओझु, अर्थ एखाद्या गोष्टीत तरबेज. 'खाली' आणि 'हात' शेजारी आले की हेता, म्हणजे त्यात कच्चा. आता हेतामध्ये शेवटी 'ता' ऐकू येतो म्हणून काहीजण म्हणतात की बघा हा तक्त्यातला 'त', मग उरलेला 'हे' खालीच्या कांजीचा, आणि वहीत तसं लिहूनही ठेवतात. तसं फोडू नकोस, तो 'हे' त्या कांजीत पुन्हा कुठे भेटणार नाही. जपानच्या सरकारी ज्योओयो, म्हणजे रोजच्या वापरातल्या, कांजींची जी यादी आहे ना, २०१० सालची, २१३६ कांजींची, तिच्या शेवटी एक परिशिष्टच आहे अशा शब्दांचं ज्यांचा उच्चार कांजी-कांजीला वाटून देता येत नाही, आणि ज्योओझु, हेता आणि तेत्सुदाउ (मदत करणं) हे तिन्ही त्यात आहेत. एकट्या हाताच्या कांजीचे तीन. म्हणजे तू अडखळलीस ती बरोबर जागी अडखळलीस.

राहिले ते आणि शु. इथे तर तुला काही शिकायचंच नाहीये, तू जन्मापासून हेच करतेयस. हातरुमाल, हातमाग, हातचिठ्ठी, हातखर्च. आणि दुसरीकडे हस्ताक्षर, हस्तकला, हस्तक्षेप, हस्तांदोलन. कुणी 'हस्तरुमाल' म्हणालं तर तू हसशील, 'हातक्षेप' म्हणालं तर हा माणूस बाहेरचा आहे हे लगेच कळेल, पण का चुकलं ते विचारलं तर तुला नियम सांगता येणार नाही. 'ते' म्हणजे आपला हात, घरातला, स्वयंपाकघरातला शब्द. 'शु' म्हणजे हस्त, तो चीनमधून कांजीच्या सोबत आलेला आणि त्यामुळे जरा शिकलेल्या लोकांच्या शब्दात बसणारा. घरचा शब्द घरच्यांत मिसळतो, शिकलेला शिकलेल्यांत. म्हणून ऑपरेशन 'शुज्युत्सु' (हस्त + तंत्र), मूकबधिरांची खुणांची भाषा 'शुवा' (हस्त + बोलणं), मशिनचं मॅन्युअल बटण 'शुदोओ', आणि पत्र मात्र 'तेगामी', हात आणि कागद, म्हणजे बघ आपली हातचिठ्ठीच झाली. (चिनीत ह्याच दोन अक्षरांचा अर्थ टॉयलेट पेपर होतो, त्यामुळे चिनी मित्राला कांजीत 'तुझं पत्र मिळालं' लिहिताना जपून.)

आता लगेच कुणीतरी सांगेल की नियम मोडतो. हो मोडतो, आणि ह्या कांजीत भरपूर मोडतो. तेजुन (कामाची पायरी-पायरीची पद्धत), तेच्योओ (खिशातली डायरी), तेहोन (कित्त्यासारखा नमुना), ह्यात पुढचा हात घरचा आणि मागचा शब्द चिनी वळणाचा. हातखर्चमध्ये हात आपला आणि खर्च फारसीतून आलेला, तरी जोडी जमलीच की. म्हणून मी नियमाला कललेला काटा म्हणते. नवीन शब्द दिसला, अंदाज बांधायचाय, तर काटा कुठे कलतोय बघ, पण पैज लावू नकोस. आणि तो तिसरा 'त', तो 'ताझुना' म्हणजे घोड्याचा लगाम वगैरे दोन-चार शब्दांत येतो. नाशिकहून जपानला जाईपर्यंत तुला घोडा लागणार नाही, सोडून दे.

अजून एक, हितोदे. हितो म्हणजे माणूस, ते म्हणजे हात, पण जोडताना 'ते' चा 'दे' झाला. ह्याला काहीतरी लांबलचक नाव आहे, तू फक्त जगत् + ईश = जगदीश आठव. त चा द. दहावीला संधी केली होतीस तीच. सगळीकडे होत नाही (समोरचा माणूस 'आइते', तो आइदे नाही होत), पण झाला तर दचकू नकोस.

उच्चाराचा एक फायदा सांगून टाकते मग पुढे जाऊ. तेत्सुदाउ, तेत्सुझुकी (कागदपत्रांचे सोपस्कार) ह्यातला 'त्सु' हा आपल्या 'चूक' मधला चु आहे, 'चिंच' मधला च नाही. आणि 'झु' हा 'झोप' मधल्या झ चा. बाकीच्या राज्यांतली पोरं ह्या त्सु वर आठवडेच्या आठवडे घालवतात, आपल्याकडे तो चुलीपासून आहे.

लिहिण्याचं. तुझ्या प्रश्नातला शेवटचा भाग आधी घेते कारण त्यावर माझं मत जरा ठाम आहे. जेएलपीटीत, म्हणजे तुझ्या ह्या एन-फोरवाल्या परीक्षेत, हाताने काही लिहायचं नसतं, सगळे पर्यायच असतात, हे खरं. पण एन-फोरच्या मोजी-गोइ (अक्षरं आणि शब्द) विभागात एक प्रकार असा असतो की हिरागानात, म्हणजे नुसता उच्चार दाखवणाऱ्या साध्या जपानी अक्षरांत, शब्द देतात आणि चार कांज्यांतून बरोबर ओळखायची, आणि पर्याय दिसायला जुळ्या बहिणींसारखे असू शकतात. नुसतं बघून बघून ओळखणाऱ्यांची तिथे विकेट पडते. हाताची कांजी आणि केसाची कांजी ('के') शेजारी ठेवून बघ. दोन्हीला चारच रेघा. वरती छोटी तिरकी, मग दोन आडव्या, मग एक उभी. फरक फक्त त्या उभ्या रेघेच्या शेपटीत: हाताची शेपटी खाली जाऊन डावीकडे गळासारखी वळते, केसाची उजवीकडे लांब जाते आणि टोकाला वर उचलते. केस वाढतात म्हणून लांब, असं मी सांगते. बाष्कळ आहे पण आजपर्यंत कुणी विसरलं नाही. एकदा दोन्ही वीस-वीस वेळा लिहून काढल्या की पुन्हा आयुष्यात गोंधळ होत नाही, कारण मग डोळ्याला नाही, मनगटाला आठवतं.

लिहिताना आपल्या लोकांची एक खास चूक होते, मी वर्षानुवर्षं बघतेय. पहिली तिरकी रेघ उजवीकडून सुरू होऊन डावीकडे खाली येते, आपले विद्यार्थी ती डावीकडून उजवीकडे ओढतात, जणू शिरोरेघ देतायत. आणि दुसरं म्हणजे उभी रेघ आधी मारतात आणि आडव्या मागून. का, तर देवनागरीत हाताला सवय आहे की अक्षर आधी, काना आधी, आणि आडवी रेघ सगळ्यात शेवटी डोक्यावरून. इथे उलट आहे. दोन्ही आडव्या आधी (वरची लहान, खालची जास्त रुंद), आणि मग उभी रेघ दोन्हींना छेदत खाली, शेवटी डावीकडे उडी. उभी आधी मारलीस तर आडव्या कधी समान अंतरावर बसत नाहीत, कांजी कलंडल्यासारखी दिसते, आणि मोबाइलवर बोटाने लिहून शब्द शोधायला गेलीस तर भलतंच काहीतरी दाखवतो. चौकटीच्या वहीत लिही, एका पानावर जास्त नको, रोज पाच. पहिलीच्या जपानी मुलांना जी ऐंशी कांजी शिकवतात त्यातली ही एक आहे, सहा वर्षांचं पोर लिहितं ती.

आणि एकदा ही आली की हिचं आखडलेलं रूप बघ. दुसऱ्या कांजीच्या डाव्या बाजूला ती चिकटते तेव्हा चारच्या तीन रेघा होतात, आडवी, उभी शेपटीसकट, आणि खालून डावीकडून उजवीकडे वर जाणारी छोटी फटकारणी. ह्याला 'तेहेन' म्हणतात. एखाद्या अनोळखी कांजीत डावीकडे तेहेन दिसलं की समजायचं हाताने करायचं काहीतरी आहे: मोत्सु (धरणं), ओसु (ढकलणं, दाबणं), नागेरु (फेकणं), हिरोउ (उचलणं, वेचणं), सुतेरु (टाकून देणं), हाराउ (पैसे भरणं), आणि युबी, म्हणजे बोट. स्टेशनच्या, दुकानाच्या दारावर 'ओसु' बघशील तेव्हा डावीकडे हा छोटा हात दिसेल. दार ओढायचं का ढकलायचं ह्यात मी स्वतः पहिल्या वर्षी बऱ्याच काचांना कपाळ दिलंय.

आता शब्द. किती पुरेत? एन-फोरला दहा-बारा. ते, तेगामी, कित्ते, ज्योओझु, हेता, तेत्सुदाउ, ओतेआराइ, तेबुकुरो, उन्तेनशु, काशु आणि वर दोन-तीन तुझ्या कामाचे. जेएलपीटीवाले स्वतः २०१० पासून कांजीची वा शब्दांची यादी छापत नाहीत, बाजारात 'एन-फोरची अधिकृत यादी' म्हणून जे मिळतं ते कुणीतरी अंदाजाने बनवलेलं असतं, त्यामुळे यादीतले बाराच शब्द झाले आणि तेरावा राहिला ह्या विचाराने झोप उडवू नकोस.

पण शब्द एकएकटे घेऊ नकोस, घोळक्याने घे. माणसांचा घोळका घे आधी. आपण म्हणतो ना, 'दोन हात कमी पडतायत', 'कामाला चार हात लागले', तिथे हात म्हणजे माणूस. जपानीत हेच अगदी व्यवस्थित शब्दांत बसवलंय. गाणारा काशु, खेळाडू सेनशु, ड्रायव्हर उन्तेनशु, मदतनीस ज्योशु. हे सगळे शुवाले, बिल्ला लावून फिरणारे, ह्यातला एखादा पेशा, पद असतं. आणि घरगुती 'ते' लावला की त्या क्षणी ते काम करणारा कुणीही: किकिते ऐकणारा, हानाशिते बोलणारा, काइते विकत घेणारा, उरिते विकणारा. हा फरक मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही, कामातून जाणवला, अपवाद असतील, पण कामचलाऊ आहे. आणि मग तो हितोदे, कामाला लागणारं मनुष्यबळ. 'हितोदे-बुसोकु', हात कमी पडणं, हा शब्द जपानी पेपरात सतत दिसतो, आणि खरं सांगायचं तर तू जपानला जाऊ शकतेयस ते ह्या एका शब्दामुळे. २०१९ च्या एप्रिलमध्ये जो स्पेसिफाइड स्किल्डचा व्हिसा सुरू झाला, ज्यात केअरगिव्हिंगही आहे, तो ह्या हितोदे-बुसोकुपायीच.

दिशेचा घोळका अजून सोपा. 'उजव्या हाताला देऊळ लागेल, तिथून डाव्या हाताला वळा' हे आपण रोज बोलतो, आणि जपानी टूर बसची गाइड माइकवर 'मिगिते नि' म्हणते, उजव्या हाताला, मग फुजी दिसतो किंवा ढगांमुळे दिसत नाही. टोकियोची ती गोल फिरणारी हिरवी लोकल, यामानोते लाइन, तिच्यातला हातही हाच, डोंगराच्या हाताला असलेला भाग. 'तेमाए' म्हणजे एखाद्या गोष्टीच्या अलीकडे. टॅक्सीवाल्याला 'शिनगोओ नो तेमाए दे' म्हणालीस की तो सिग्नलच्या अलीकडे थांबवतो. फक्त हाच शब्द जरा ओढून 'तेमेए' असा कुणाला उद्देशून म्हटला तर ती शिवी होते, मारामारीच्या सिनेमात ऐकला असशील.

तुझ्या कामाचा घोळका. तेसुरी, भिंतीला लावलेला धरायचा दांडा, कठडा. तेबुकुरो, हात + पिशवी, हातमोजे. ('गुनते' हे वेगळे, ते कारखान्यातले जाडेभरडे विणलेले मोजे, आमच्याकडे तेच चालतात.) तेआशी, हातपाय. तेआराइ म्हणजे हात धुणं आणि कपड्याच्या लेबलवर असेल तर हाताने धुवा, पण पुढे 'ओ' लावून ओतेआराइ केलं की बाथरूम, टॉयलेट. शुशी-शोओदोकु, हाताबोटांचं निर्जंतुकीकरण, सॅनिटायझरच्या बाटलीजवळ लिहिलेलं असतं, इथे बघ, बोलताना 'ते' आणि पाटीवर 'शु', अगदी हात आणि हस्त. शुज्युत्सु म्हणताना अडखळलीस तर लाजू नकोस, जपानी लोकांचीही जीभ तिथे वळत नाही, सगळे घाईत शुजुत्सुच्या आसपास काहीतरी म्हणून मोकळे होतात. आणि तेआते. हात + लावणं. जखमेवर करायचा उपचार, प्रथमोपचार तो तेआते, कारण आधी हातच लावतो ना माणूस दुखऱ्या जागी. पण ऑफर लेटरमध्ये 'याकिन-तेआते' दिसेल तिथे रात्रपाळीच्या जखमा नाहीत, तिथे तेआते म्हणजे भत्ता, नाइट शिफ्टचा. त्याच कागदावर नीट शोध की 'तेदोरी' किती म्हणतायत. हात + घेणं, म्हणजे सगळं कापून झाल्यावर हातात किती पडतात. एजंट लोक मोठा आकडा सांगतात तो तेदोरी नसतो, त्यातून इन्शुरन्स, पेन्शन, टॅक्स, बऱ्याचदा राहण्याचं भाडं वजा व्हायचं असतं. 'तेदोरी वा इकुरा देसु का' हे वाक्य एन-फोरच्या आधी पाठ कर, पेपरात येवो न येवो.

कारखान्यातले शब्द तुला नकोत, पण कुणी इंजिनियर वाचत असेल तर: तेजुन-शो म्हणजे वर्क इन्स्ट्रक्शनचा कागद, तेनाओशी म्हणजे रिवर्क, आणि तेमाची म्हणजे हातावर हात ठेवून पुढच्या पार्टची वाट बघत उभं राहणं, जे टोयोटा पद्धतीत सात प्रकारच्या 'मुदा'पैकी एक, वाया जाणारं काम म्हणून मोजतात.

कित्तेवर मी अडकले होते बराच काळ. कापणं आणि हात मिळून पोस्टाचं तिकीट कसं? आता त्याच्यामागची जुनी कथा सांगत बसत नाही, पण लक्षात राहायला टोकियो स्टेशनच्या समोर जपान पोस्टच्या इमारतीत २०१३ ला उघडलेला मॉल आहे, त्याचं नावच कित्ते, तिकीट आणि शिवाय 'या ना' अशी दुहेरी कोटी. छोटं कित्ते म्हणजे कोगित्ते, तो बँकेचा चेक. इथेही क चा ग झाला बघ.

ज्योओझुबद्दल एक सामाजिक सूचना. हा शब्द स्वतःबद्दल वापरायचा नाही. 'मी स्वयंपाकात ज्योओझु आहे' म्हणजे आपल्याकडे 'मी फार सुगरण बरं का' म्हणण्यातला प्रकार, स्वतःसाठी 'तोकुइ' म्हणतात. आणि जपानी माणूस तुझं कोन्निचिवा ऐकून 'निहोंगो ज्योओझु देसु ने' (जपानी छान बोलता हं) म्हणाला तर ते प्रमाणपत्र नाही, तो नुसता नमस्कार आहे. हुरळू नकोस. हेता स्वतःबद्दल बिनधास्त वापर, दुसऱ्याबद्दल नको. तिसरा भाऊ 'निगाते', कडू + हात, म्हणजे मला जमत नाही, सोसत नाही. जेवताना लोक 'साकाना वा चोत्तो निगाते देसु' म्हणतात, मासे जरा नकोसे वाटतात. पण तू शाकाहारी असशील तर हे म्हणू नकोस, समोरच्याला वाटतं आवडनिवड आहे आणि मग तो प्रेमाने 'थोडासाच घातलाय' म्हणून वाढतो. सरळ 'ताबेमासेन', खात नाही.

आता माझी फजिती सांगते, कारण त्यातून तो बारा-बावीसचा मुद्दा पुन्हा येतो. नोकरीचं दुसरं वर्ष असेल, एका कंपनीत वार्षिक कार्यक्रम होता, जपानहून साहेब येणार, आणि त्यांच्याकडून स्टेजच्या कार्यक्रमाचा एक कागद आला भाषांतराला. त्यात होतं, प्रमुख पाहुणे 'वर-हात' मधून येतील, नाचणाऱ्या मुली 'खाली-हात' मधून येतील. मी रात्री एक वाजता, झोपेत, लिहिलं की पाहुणे कुशलतेने प्रवेश करतील आणि मुली वाईट प्रकारे प्रवेश करतील. आणि ते पत्रक छापून वाटलं गेलं. नाचणाऱ्या मुलींपैकी एक अकाउंट्सची होती, तिने माझं पुढच्या महिन्याचं टॅक्सीचं बिल अडवलं असा माझा अजून संशय आहे. झालं होतं असं की त्याच दोन कांज्या रंगमंचाच्या बाबतीत 'कामिते' आणि 'शिमोते' वाचतात: प्रेक्षकांच्या उजव्या हाताची विंग कामिते, डाव्या हाताची शिमोते. काबुकी नाटकात प्रेक्षकांतून जो लांब रस्ता स्टेजला जातो, हानामिचि, तो ह्या शिमोतेच्या बाजूला असतो. आणि सुमोच्या आखाड्यात पुन्हा ह्याच जोड्या 'उवाते' आणि 'शिताते' होतात, प्रतिस्पर्ध्याच्या हाताच्या वरून घातलेली पकड आणि खालून घातलेली. तीच अक्षरं, तीन दुकानं, तीन उच्चार. १२ ला आपण बारा म्हणतो पण घड्याळात १२:२५ ला बारा पंचवीस आणि फोन नंबरात एक दोन म्हणतो तसंच. कागद कसला आहे ते आधी बघायचं, मग वाचायचं. मी ते त्या दिवसापासून करते.

मग पाठ कसं करायचं. आंकी ह्या पाठांतराच्या कार्डांच्या ॲपमध्ये (हा शब्दच जपानी आहे, आंकी म्हणजे पाठांतर) हाताच्या कांजीचं एकही कार्ड बनवू नकोस ज्याच्या पुढे नुसती कांजी आणि मागे 'ते, त, शु'. असलं कार्ड तुला रोज बरोबर येईल आणि पेपरात काही उपयोग होणार नाही. पुढच्या बाजूला आख्खं छोटं वाक्य, शब्द कांजीत, मागे त्या शब्दाचा उच्चार आणि मराठी. मराठीच, इंग्लिश नको. आणि मराठीही भाषांतर म्हणून नाही तर तू खरंच जे बोलशील ते. 'तेबुरा दे किते कुदासाइ', ह्याच्यामागे डिक्शनरीतलं 'रिकाम्या हाताने या' लिहू नकोस, 'हात हलवत आलात तरी चालेल' लिही, कारण तेबुरातला बुरा हा लोंबकळत्या, हलत्या हाताचाच आहे. (असं आमंत्रण आलं तरी हात हलवत जाऊ नये हे वेगळं, काहीतरी छोटा खाऊ न्यावा, त्याला तेमियागे म्हणतात. ह्यातही हात.) 'इमा चोत्तो ते गा हानासेनाइ' ह्याच्यामागे 'आत्ता जरा हात गुंतलेत'. 'ते ओ आगेरु' च्या मागे दोन्ही, हात वर करणं आणि कुणावर हात उचलणं, दोन्ही अर्थ आपल्यासारखेच. कामाच्या घाईत 'नेको नो ते मो कारिताइ' म्हणतात, आत्ता मांजराचा पंजा उसना मिळाला तरी घेऊ. असे शब्द दोनदा वाचले की बसतात.

जुळत नाही तिथे मात्र लाल शाईने खूण कर. वाईट धंदा सोडून दिला तर आपण म्हणू की त्याने त्यातून अंग काढून घेतलं, आणि जपानी म्हणतात त्याने पाय धुतले, 'आशी ओ आराउ', हात धुतले नाही. आणि 'कात्ते', जिंकणं + हात, ह्याचा हाताशी बोलताना काही संबंध उरलेला नाही, म्हणजे मनमानी, न विचारता. 'कात्ते नि सावारानाइदे कुदासाइ', परस्पर हात लावू नका, अशी पाटी दिसली तर त्यातली हाताची कांजी तुला सापडेल, पण हात लावण्याचं काम दुसराच शब्द करतोय. 'हादे', भडक, ह्यातही हात आहे, का आहे विचारू नकोस. ह्या दोन्हींना आणखी एक 'बारा' म्हणून पुढे जा.

वेळ किती द्यायचा: पहिल्या दिवशी लिहायची आणि केसाशी तुलना, मग रोज दोन शब्द, आठवड्यात झाली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कांज्यांबरोबर ती भेटत राहतेच, तेव्हा एक-एक नवीन शब्द त्याच पानावर शेजारी लिहून ठेव, पान मोकळं ठेव म्हणून सांगतेय. माझ्या वहीतलं हाताचं पान अजून भरतंय.

आणि गावांची नावं आधी कुणाला तरी विचारून मगच वाच. टोकियोत डोंगर + हात यामानोते, आणि तासाभराच्या अंतरावर योकोहामात त्याच दोन कांजींचं स्टेशन आहे यामाते, मधला 'नो' गायब. उत्तरेला इवाते म्हणून जिल्हा आहे, खडक + हात, तिथे मोरिओका शहरात एका देवळाजवळ मोठाले खडक आहेत आणि दंतकथा अशी की गावाला छळणाऱ्या राक्षसाने पुन्हा येणार नाही म्हणून त्यावर पंजाचा ठसा उमटवून दिला. अशा ठशाला म्हणतात तेगाता. हाच शब्द बँकेत हुंडीला वापरतात. तू कुठल्या जिल्ह्यात जाणार ते ठरलं की सांग, पत्त्यातल्या कांज्या मी बघून देते.